उगाळणं कसं थांबवायचं: नैराश्यात छळणाऱ्या आठवणी आणि विचार हाताळण्याच्या पायऱ्या

रात्री साडेतीनला जाग येते. पाणी पिऊन परत आडवं व्हावं, तोच डोळ्यांपुढे एक दृश्य उभं राहतं. दवाखान्याचा पॅसेज, भिंतीला टेकलेलं स्टीलचं बाकडं, फिनेलचा वास, आणि आत वडील असताना आपण बाहेर फोनवर गाडीच्या हप्त्याबद्दल बोलत होतो ती दोन मिनिटं. दृश्य चार-पाच सेकंद टिकतं. ते कुणी बोलावलेलं नसतं. त्यानंतर जे सुरू होतं ते निराळं असतं. ‘मी तेव्हा आत का गेलो नाही? मी असाच का आहे? सगळ्यांना जमतं ते मलाच का जमत नाही?’ हे सहापर्यंत चालतं, दाराला दुधाची पिशवी अडकवल्याचा आवाज येईपर्यंत.

पाच सेकंदांची आठवण आपणहून आली. पुढचं अडीच तासांचं उगाळणं मनाने केलं. नैराश्य असलेल्या माणसाला हा फरक जाणवत नाही, कारण दोन्हींच्या मध्ये फट अशी राहतच नाही. सगळा त्रास आठवणीचाच वाटतो आणि सगळी ताकद ती दाबण्यात खर्च होते. पुढच्या पायऱ्या ती फट शोधण्यासाठी आहेत. आठवण यायची थांबावी म्हणून झगडायचं नाही. ती आल्यानंतरचे अडीच तास वाचवायचे.

मानसशास्त्रात पहिल्या गोष्टीला घुसखोर आठवण म्हणतात आणि दुसरीला रुमिनेशन, म्हणजे रवंथ. रवंथ हा शब्द जरा फसवा आहे. गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो; इथे काहीच पचत नाही. आपल्याकडचं ‘जुनं उगाळत बसणं’ जास्त नेमकं आहे. सहाणेवर खोड घासत राहा, गंध निघतच राहतं, आणि खोड संपायचं नाव घेत नाही. म्हणून इथे तोच शब्द वापरला आहे.

आधी हे तपासा

पुढची कुठलीही पायरी उपचाराच्या जागी नाही, उपचाराच्या जोडीला आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, आणि त्यासोबत झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्याही करून घेणं बरं, कारण त्यांच्या कमतरतेतही असंच मरगळल्यासारखं होतं. चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

जगणं नको वाटत असेल, किंवा स्वतःच्या मरणाचं चित्र डोळ्यांपुढे येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. घरातल्या एका माणसाला आत्ता, स्पष्ट शब्दांत सांगा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. भविष्यातली अशी चित्रं नैराश्यात अनेकांना दिसतात, पण लाजेपोटी माणसं ती डॉक्टरांनाही सांगत नाहीत. ती जरूर सांगा.

आठवण मारहाणीची, अत्याचाराची किंवा अपघाताची असेल आणि ती येते तेव्हा सगळं आत्ताच घडतंय असं वाटून अंग थरथरत असेल, तर सहावी पायरी एकट्याने करू नका.

उगाळण्याबद्दल कळलं ते कसं

या अभ्यासाची पायाभरणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांनी केली. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी मनःस्थितीबद्दलच्या प्रश्नावल्या भरल्या होत्या. मन उदास झालं की तुम्ही काय करता, हाही त्यातला एक भाग. दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, त्याच भागात, कॅलिफोर्नियात, लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. तेच विद्यार्थी दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासले गेले. ज्यांना भूकंपाच्या आधीपासूनच उगाळायची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. भूकंपाआधीची त्यांची उदासी हिशेबात धरूनही निष्कर्ष तोच आला. संकट सगळ्यांवर आलं होतं. त्यानंतर मनाशी कसं वागायचं ही सवय प्रत्येकाची आधीच ठरलेली होती.

पुढे हे प्रयोगशाळेतही पाहिलं गेलं. आधीच उदास असलेल्या लोकांपैकी काहींना आठ मिनिटं स्वतःबद्दल विचार करायला लावलं: मला असं का वाटतं, मी असा का घडलो. इतरांना आठ मिनिटं बाहेरच्या गोष्टी डोळ्यांपुढे आणायला सांगितलं: आभाळात जमणारे ढग, ट्रम्पेटचा चकचकीत पृष्ठभाग. पहिल्या गटाचं मन आणखी खाली गेलं, दुसऱ्याचं थोडं वर आलं. आणि मुळात उदास नसलेल्यांवर त्याच आठ मिनिटांचा काहीच वाईट परिणाम झाला नाही. म्हणून ‘विचार तर सगळेच करतात, तुलाच काय होतं’ हा घरोघरी ऐकू येणारा प्रश्न चुकीचा आहे. उदास मनाला तो विचार वेगळाच लागतो.

२००३ मध्ये उगाळणं मोजण्याची २२ प्रश्नांची मोजपट्टी पुन्हा तपासली गेली आणि तिच्यात दोन वेगळे धागे सापडले. एक कुढणं: ‘माझ्याच वाट्याला हे का?’ दुसरा चिंतन: घडलेलं शांतपणे उलगडून पाहणं. नैराश्य वाढवतं ते मुख्यतः कुढणं. उगाळणारा माणूस बहुधा प्रामाणिकपणे ‘मी आत्मपरीक्षण करतोय’ असं म्हणत असतो, म्हणून हा फरक कामाचा.

आठवणींचं संशोधन वेगळ्या वाटेने आलं. घुसखोर आठवणी म्हणजे मोठ्या आघातानंतरची गोष्ट, असं बराच काळ धरलं जाई. लंडनमध्ये क्रिस ब्रूइन यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की नैराश्याच्या रुग्णांनाही त्या तितक्याच ठसठशीतपणे छळतात. विषय मात्र बहुधा घरगुती असतात: आजारपण, मृत्यू, भांडण, अपमान, तुटलेलं नातं. ऑस्ट्रेलियात मिशेल मोल्ड्स यांच्या गटाने त्यापुढची गोष्ट पाहिली. आठवण किती वेळा येते यापेक्षा माणूस तिचा अर्थ काय लावतो, आणि आल्यावर तिला दाबतो की उगाळतो, याचा नैराश्याच्या तीव्रतेशी स्वतंत्र संबंध आहे. ‘अजूनही हे आठवतं म्हणजे मी कमकुवत आहे’ हा अर्थ आठवणीइतकाच बोचतो.

पायरी १: सात दिवसांची नोंद

दोनशे पानी वही नको. खिशात मावेल अशी छोटी डायरी किंवा फोनमधली एक नोंद पुरे. दर वेळी पाचच गोष्टी लिहा: वेळ, जागा, हातात काय काम होतं, आठवण आपणहून आली की उगाळणं झालं, आणि अंदाजे किती मिनिटं. उदाहरणार्थ: ‘मंगळवार, दुपारी २:१०. ओट्यापाशी. भांडी घासत होते. आली, मग उगाळलं. ४० मिनिटं. बहिणीला फोन करायचा राहिला.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्या वेळात काय करायचं टळलं, ते जमेल तेव्हा लिहा. उगाळण्याच्या पोटात टाळाटाळ लपलेली असते. अवघड फोन करण्यापेक्षा त्या फोनबद्दल विचार करणं सोपं जातं, आणि वर काहीतरी केल्यासारखंही वाटतं. ही तात्पुरती सुटकाच सवय पक्की करते.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे विचारांचा मजकूर लिहीत बसणं. मग डायरीच सहाण होते. दोन ओळींच्या पुढे गेलात की पेन खाली ठेवा. पाकीट नोंदवायचं आहे, आतलं पत्र वाचायचं नाही.

सातव्या दिवशी सगळ्या नोंदी एकदा वाचा आणि कुठली जागा, कुठली वेळ पुन्हा पुन्हा येते ते पाहा. अनेकांच्या बाबतीत त्या दोन-तीनच निघतात: दिवा मालवल्यावरची गादी, दुपारच्या जेवणानंतरचा एकटेपणा, लोकलमधली खिडकी, नातेवाइकांचे स्टेटस पाहून झाल्यावरची दहा मिनिटं. भांडी, कपड्यांच्या घड्या, रोजच्या रस्त्याने गाडी चालवणं ही सवयीची कामं उगाळण्याला फार सोयीची असतात, कारण हात चालू राहतात आणि डोकं मोकळं असतं.

पायरी २: दोन मिनिटांची कसोटी

आपण विचार करतोय की उगाळतोय, हे आतून ओळखणं अवघड असतं. वर्तन-सक्रियतेच्या उपचारात, म्हणजे टळलेली कामं परत सुरू करून नैराश्य हाताळण्याच्या पद्धतीत, यासाठी एक सोपी कसोटी आहे. लक्षात येताच आणखी दोन मिनिटं मुद्दाम तोच विचार करा आणि मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. प्रश्न सोडवण्याकडे एखादं पाऊल पडलं का? पूर्वी न कळलेलं काही नवं कळलं का? मन थोडं तरी हलकं झालं, स्वतःवरचा राग थोडा तरी उतरला का?

तिन्हींना ‘नाही’ असेल तर ते उगाळणं. मग विचार खरा की खोटा या वादात शिरू नका, कारण वाद घालणं हा उगाळण्याचाच पुढचा अध्याय असतो. थेट तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर जा.

‘पण हा विचार केल्याशिवाय मला उत्तर कसं सापडणार?’ असं मन म्हणेल. पहिल्या आठवड्याच्या नोंदी काढा, उगाळण्यात गेलेली मिनिटं मांडा आणि त्यांतून निघालेली उत्तरं मोजा. स्वतःच्या अक्षरातला हा आकडा पटवून देण्यात कुणाच्याही उपदेशापेक्षा सरस ठरतो.

पायरी ३: ‘का’ सोडून ‘काय’ आणि ‘कसं’

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात एडवर्ड वॉटकिन्स यांनी दाखवलं की फरक विचारांच्या विषयात नसतो, पद्धतीत असतो. त्याच दुःखद घटनेचा ‘हे का घडलं, याचा अर्थ काय’ असा विचार केला तर मन अडकतं. ‘काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, पुढे कसं करायचं’ असा केला तर सुटतं. या पायावर त्यांनी उभी केलेली उपचारपद्धत २०११ मध्ये तपासली गेली. औषधं घेऊनही नैराश्य पुरतं न गेलेले ४२ रुग्ण होते. नेहमीच्या उपचाराला या पद्धतीच्या जास्तीत जास्त १२ बैठकींची जोड मिळाली, त्या गटातले ६२ टक्के बरे झाले. फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. चाचणी लहान होती, पण फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता.

प्रत्यक्षात हे असं करायचं. समजा डोक्यात फिरणारं वाक्य आहे: ‘मी नेहमीच माती का खातो?’ कागदावर ते एकदाच लिहा आणि खाली उत्तरं लिहायला घ्या.

कधी? मंगळवारी सकाळी सव्वाअकराला. कुठे? साहेबांच्या टेबलापाशी, मी उभा होतो. काय घडलं? त्यांनी फाइल मागितली. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत देतो. ते ‘बरं’ म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले. शेजारच्या टेबलावरची दोघं बघत होती. अंगात काय झालं? कान गरम झाले, घशाला कोरड पडली. आधी काय घडत गेलं? सोमवारी रात्री तीनच तास झोप लागली. दुसऱ्या शाखेकडून आकडे आलेच नव्हते. मी त्यांना शुक्रवारी आठवण केली नाही. घटना कोणत्या क्षणी वेगळ्या वळणावर जाऊ शकली असती? शुक्रवारी दुपारी. आता सर्वांत लहान पाऊल कोणतं? येत्या शुक्रवारी तीन वाजता शाखेला फोन. फोनमध्ये आत्ताच गजर लावतो.

लिहिण्याच्या ओघात ‘नेहमीच’ हा शब्द आपोआप गळतो. एक मंगळवार उरतो. एका मंगळवाराचं काहीतरी करता येतं, ‘नेहमीच’चं काही करता येत नाही.

हे सुरुवातीला जड जातं आणि त्याला कारण आहे. नैराश्यात आठवणी ढोबळ होतात. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एक ठरावीक प्रसंग आठवायला सांगितला. ‘आनंद’ म्हटल्यावर ‘लहानपणी सुट्टीत मामाकडे जायचो’ असं सर्वसाधारण उत्तर त्यांच्याकडून इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. ‘त्या दिवशी विहिरीवर पहिल्यांदा उडी मारली’ असं नेमकं उत्तर कमी वेळा. पुढच्या अभ्यासांत नैराश्याच्या रुग्णांतही हेच आढळलं. ढोबळ आठवणीतून प्रश्न सोडवायला काही हाती लागत नाही. म्हणून आधी सराव साध्या, बिनत्रासाच्या प्रसंगांवर करा. आज सकाळचा चहा घ्या: कोणता कप, कुठे बसलात, वाफ, पहिला घोट, बाहेरून काय ऐकू आलं. रोज दहा मिनिटं, एक आठवडा. मग किरकोळ कटकटीचा प्रसंग. मोठा घाव लगेच घेऊ नका.

मराठीत एक खास फसगत होते. ‘मी इतका मूर्ख कसा झालो?’ यात शब्द ‘कसा’ आहे, पण तो टोमणा आहे. आतला प्रश्न ‘का’चाच. खूण सोपी: ज्या प्रश्नाच्या उत्तरात दिवस, वेळ, जागा किंवा कृती येत नाही, तो प्रश्न बदला.

पायरी ४: ‘जर-तर’ची चिठ्ठी

उगाळणं ही सवय आहे आणि सवयीला संकल्प पुरत नाही. ‘उद्यापासून विचार करणार नाही’ हे ठरवणं फुकट जातं. सवय ठरावीक वेळ-जागेला बांधलेली असते, तेव्हा बदलही तिथेच बांधावा लागतो. पहिल्या पायरीत सापडलेली एकच जागा निवडा आणि तिच्यासाठी एकच वाक्य लिहा: ‘जर दुपारी ओट्यापाशी तो विचार सुरू झाला, तर नळ बंद करून मी पालेभाजी निवडायला बाल्कनीत बसेन.’ चिठ्ठी त्याच जागी चिकटवा.

‘तर’च्या पुढचं काम निवडताना एक कस लावा: त्यात डोळे, हात किंवा आवाज यांपैकी किमान दोन गुंतायला हवेत. तांदळातले खडे निवडणं चालतं, ठिपक्यांची रांगोळी चालते, मोठ्याने वाचणं चालतं, लहान मुलाला अभ्यास सांगणं फार चांगलं चालतं. लसूण सोलणं बहुतेकांना पुरत नाही. हात आपोआप चालतात. काम सोडताच येत नसेल, भांडी घासायचीच असतील, तर आवाज गुंतवा: पाठ असलेलं गाणं, श्लोक किंवा अभंग मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नामस्मरण केलं तर एका बाजूला जप आणि दुसऱ्या बाजूला उगाळणं अशी दोन्ही चक्रं सुखाने चालू राहतात. टीव्ही आणि रील यांचंही तसंच: डोळे पडद्यावर, मन दवाखान्याच्या पॅसेजमध्ये.

अंथरुणातल्या उगाळण्यासाठी ‘तर’ म्हणजे उठणं. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंधुक उजेडात दुसऱ्या खोलीत बसा, कंटाळवाणं काहीतरी वाचा, डोळे मिटू लागले की परत या. घड्याळ पाहू नका. गादी ही विचार करायची जागा असं शरीराला शिकवलं गेलेलं असतं, ते असं हळूहळू पुसावं लागतं. घर एका खोलीचं असेल तर खुर्ची किंवा दाराजवळची चटईही चालते. मुद्दा गादीवरून उठण्याचा आहे.

दोन आठवड्यांत एकाच चिठ्ठीवर काम करा. पाच ठिकाणी पाच चिठ्ठ्या लावल्या की एकही पाळली जात नाही.

पायरी ५: टळलेली कामं परत दिवसात आणणं

उगाळण्याला जागा मिळते ती रिकाम्या झालेल्या दिवसात. गोव्यात संगाथ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांबरोबर केलेली चाचणी इथे आपल्या अगदी जवळची आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर ती झाली. उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि बैठका सहा ते आठच. मुख्य काम एवढंच: टळलेल्या, अर्थ वाटणाऱ्या गोष्टी लहान तुकड्यांत परत सुरू करायच्या आणि मन लागो न लागो, ठरलेल्या वेळी करायच्या. २०१७ मध्ये छापून आलेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातले सुधारित नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

नोंदींमधल्या ‘राहिलं’ या वाक्यांची यादी करा. त्यातलं सर्वांत सोपं काम घ्या आणि ते अर्धं करा, मग आणखी अर्धं. ‘बहिणीला फोन’ जमत नसेल तर ‘बहिणीला एका ओळीचा मेसेज, गुरुवारी ११ वाजता’. उत्साह येण्याची वाट पाहू नका. या आजारात तो आधी येत नाही, कामानंतर येतो, आणि तोही पहिल्या आठ-दहा वेळा अगदी थोडा. आठवड्याला तीन कामं पुरेत. दहा ठरवून दोन झाली की मनाला उगाळायला नवा माल मिळतो.

पायरी ६: आठवण आली त्या क्षणी

दाबू नका. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. ते अस्वल सारखं येत राहिलं, आणि नंतर परवानगी मिळताच आणखी उसळून आलं. ‘ते आठवायचंच नाही’ असं ठरवून दिवस काढणारा माणूस दिवसभर त्याच आठवणीवर पहारा देत असतो.

त्याऐवजी तीन गोष्टी, मिळून साधारण एक मिनिट. पहिली, नाव द्या: ‘ही पॅसेजची आठवण.’ नाव तेच ठेवा, दर वेळी. दुसरी, तेव्हा आणि आत्ता यांतले तीन फरक इंद्रियांनी शोधा: तेव्हा फिनेलचा वास होता, आत्ता अंथरुणाचा आहे, तेव्हा ट्यूबलाइट होती, आत्ता खिडकीतून रस्त्याचा दिवा येतोय, तेव्हा पायात बूट होते, आत्ता पाय थंड फरशीवर आहेत. तिसरी, आठवणीला राहू द्या आणि शरीर हातातल्या कामाकडे परत न्या. ती मागे रेंगाळेल. रेंगाळू दे. याच जागी ‘मी का...’ सुरू होतं. इथेच चौथ्या पायरीतली चिठ्ठी कामी येते.

ही तंत्रं आठवण पळवून लावण्यासाठी वापरली की बिघडतात. तीन फरक शोधून ‘गेली का? अजून आहे? का नाही जात?’ असं तपासत बसणं हे दाबण्याचंच दुसरं रूप.

एकच आठवण महिनोन्महिने तशीच ठसठशीत येत असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे त्यासाठी एक खास काम होतं. त्यात दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे आणून ते नव्याने घडवतात: आजचे तुम्ही त्या पॅसेजमध्ये शिरता, बाकड्यावरच्या त्या वेळच्या तुमच्याजवळ बसता, त्याला काय हवं होतं ते विचारता, त्याला आत घेऊन जाता. घडून गेलेलं पुसलं जात नाही, त्याला चिकटलेला अर्थ सैल होतो. ब्रूइन यांच्या गटाने २००९ मध्ये नैराश्याच्या १० रुग्णांवर फक्त याच पद्धतीने काम केलं आणि बहुतेकांना चांगला फरक पडला. हे घरी एकट्याने करायचं काम नाही; अर्ध्यात सोडलं तर उघडी जखम घेऊन दिवस काढावा लागतो.

टेट्रिस हा ठोकळे रचायचा व्हिडिओ गेम खेळल्याने वाईट आठवणी जातात असं वाचनात आलं असेल. मूळ प्रयोग २००९ चा आहे. त्यात लोकांना भयंकर दृश्यांची फिल्म दाखवून अर्ध्या तासाने दहा मिनिटं हा खेळ खेळायला दिला होता, म्हणजे आठवण अजून ताजी, मुरायच्या आत. तो निष्कर्ष दहा वर्षं जुन्या आठवणीला जसाच्या तसा लावू नका. डोळे-हात गुंतवणारा खेळ म्हणून मात्र चौथ्या पायरीत तो चालेल.

सुखद आठवणी काढून मन वर आणायचा उपायही जपून करा. नैराश्यात असलेल्यांना त्याने बरं वाटतंच असं नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. जुना फोटो पाहिला की मन लगेच ‘तेव्हा कसं होतं आणि आता’ असा ताळा मांडतं. फोटो पाहायचाच असेल तर तिसऱ्या पायरीसारखा पाहा: साडीचा रंग, ऊन कुठून येतंय, कोण कशावर हसतंय.

ध्यान, आणि विचारांची ठरलेली वेळ

सजगतेवर (माइंडफुलनेस) आधारित आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम २००० मध्ये टीझडेल, सीगल आणि विल्यम्स यांच्या चाचणीत उतरला. ज्यांना नैराश्य तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलं होतं, त्यांच्यात ते उलटायचं प्रमाण त्याने कमी झालं. लक्षात घ्या, ती माणसं त्या वेळी बरी होती. नैराश्य भरात असताना डोळे मिटून अर्धा तास बसणं अनेकांना सोसत नाही. चालत, पावलांकडे लक्ष देत दहा मिनिटं करा.

संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं विचारांसाठी राखून ठेवणं आणि दिवसभर आलेल्याला ‘सात वाजता बघू’ म्हणणं, ही युक्ती मुळात काळजीसाठी तयार झाली. उगाळण्यालाही ती लागू पडते, मात्र ती वेळ खुर्चीत, कागद घेऊन, तिसऱ्या पायरीच्या पद्धतीने वापरायची. झोपण्याआधीच्या दोन तासांत नको.

घरच्यांसाठी

‘विचार करू नकोस’ हे वाक्य बंद करा. ते पांढऱ्या अस्वलाचंच आहे. दुसऱ्या टोकाला जाऊन रोज रात्री दोन तास तेच दुःख सोबत उगाळणंही नको. मुलामुलींच्या मैत्रीत असं एकत्र उगाळणं चालतं तिथे जवळीक जास्त असते आणि उदासीही जास्त असते, असं अमांडा रोझ यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसलं. दहा मिनिटं ऐका, पूर्ण लक्ष देऊन. मग हळूच ‘नेमकं काय झालं ते सांग, आधी काय, मग काय?’ असं विचारा. ‘तुला असं का वाटतं?’ नको. त्यानंतर दोघं मिळून काहीतरी करा. भाजी आणायला जाणंही चालेल.

प्रगती कशी मोजायची

आठवणी किती वेळा आल्या ते मोजू नका. उगाळण्यात गेलेली मिनिटं मोजा, आठवड्याची बेरीज करा. बदल साधारण एका क्रमाने येतो. आधी दोन तासांनी लक्षात येतं की आपण उगाळतोय, मग अर्ध्या तासाने, मग पाच मिनिटांनी. त्यानंतर मिनिटांची बेरीज घटते. आठवणींची संख्या सर्वांत शेवटी उतरते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नोंद नीट जमायला लागल्यामुळे, आकडे उलट वाढल्यासारखे वाटू शकतात. तिथे बरेच जण सोडून देतात. सणवार, वर्षश्राद्ध, जुन्या गावाची फेरी या दिवसांत बेरीज वाढणारच. त्या तारखा आधीच डायरीत लिहून ठेवा आणि त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी करा.

सहा ते आठ आठवडे प्रामाणिकपणे करूनही बेरीज हलली नाही तर डायरी घेऊन डॉक्टरांकडे जा. ओपीडीत पाचच मिनिटं मिळतात, म्हणून काय सांगायचं ते पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा: ‘रोज अंदाजे इतकी मिनिटं तेच विचार चालतात. सर्वांत जास्त या वेळी. ही एक आठवण आठवड्यातून इतक्या वेळा येते. त्यामुळे ही तीन कामं राहिली आहेत. झोप इतके तास. मरणाचे विचार येतात किंवा येत नाहीत.’ नुसतं ‘टेन्शन येतं’ म्हटलं तर झोपेची गोळी मिळून काम संपतं. हे पान पुढे ठेवलं तर बोलणं उगाळण्यावरून सुरू होतं.